आईचा सा कुठल्या हर्ट्झचा?

गेल्या बुधवारी ऑफिसच्या मेलवर एक पोस्टर आलं. दोन दिवस एक रात्र, मुळशीतलं रिसॉर्ट, तिबेटी वाट्या, ४३२ हर्ट्झचं संगीत आणि खाली ठळक अक्षरात, 'मनातल्या सगळ्या जखमा सुरांनी धुऊन टाका'. जेवण बुफे. पहिल्या वीस जणांचे अर्धे पैसे कंपनी देणार. आमच्या टीममधल्या चौघांनी लगेच नावं दिली. मला विचारलं तेव्हा मी 'बघतो' म्हणालो आणि कॅन्टीनमध्ये जाऊन पाठोपाठ दोन चहा प्यायलो. डोकं तापलं होतं.

आता कुणी म्हणेल, तुझं काय जातंय? ज्याला जायचंय तो जाईल, वाट्या ऐकेल, त्याला बरं वाटेल. वाटेलच की! मुळशीत दोन दिवस लॅपटॉप न उघडता नुसतं झोपलं तरी बरं वाटतं. बरं वाटण्याशी माझं भांडण नाहीच. भांडण आहे ते 'जखम' हा शब्द इतका स्वस्त करण्याशी, आणि गाण्याच्या नावावर काहीही खपवण्याशी.

आधी ते हर्ट्झचं बघू, कारण ते सोपं आहे. पाश्चात्त्य वाद्यमेळात 'ए' हा स्वर ४४० हर्ट्झला लावायचा असा संकेत आहे. तो ४३२ ला लावला की म्हणे शरीर बरं होतं. अहो, आपल्याकडे 'सा'ला ठरलेला आकडाच नाहीये! बाई काळी पाचमध्ये गाते, बुवा काळी एकमध्ये, आणि दोघंही सुरात असतात. ज्याच्या गळ्याला जो झेपेल तो त्याचा सा. पेटीच्या क्लासला जाणाऱ्या शाळकरी पोराला कळतं ते. आणि ते व्हॉट्सअ‍ॅपवरचे तक्ते, अ‍ॅसिडिटीला अमुक राग, निद्रानाशाला तमुक राग, सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर... गवयाचा केमिस्ट करून टाकलाय लोकांनी. असो.

चिडण्याचं खरं कारण वेगळं आहे.

माझे बाबा एप्रिल २०२१ मध्ये गेले. दुसरी लाट. ज्या दवाखान्यात होते तिथलं काचेचं दार ओलांडून आम्हाला आत जाता आलं नाही, आणि नंतर जे मिळालं ते बंद पिशवीत. दहावं-तेरावं पाच माणसांत. मला कंपनीकडून तीन दिवस सुट्टी होती. चौथ्या दिवशी मी कॅमेरा बंद ठेवून स्टँडअपला होतो आणि 'नो ब्लॉकर्स' म्हणालो. हे वाक्य मला अजून झोपेत ऐकू येतं.

आई मात्र गप्प झाली. रडली नाही, चिडली नाही, गप्प. स्वयंपाक करायची, भाजी निवडायची, 'हो' नि 'नको' एवढंच बोलायची. दीड वर्ष.

आमचं बाबांकडचं गाव दौंड तालुक्यात, आईचं माहेर शिरूर तालुक्यात. मध्ये भीमा. न्हावऱ्यावरून पारगावचा पूल ओलांडून केडगाव-चौफुल्याला यायचं, हा आमच्या लहानपणीचा सुट्टीचा रस्ता. डिसेंबर २०२२ मध्ये मामाच्या मुलीचं लग्न होतं, त्याच रस्त्याने आईला घेऊन गेलो. हळदीच्या आदल्या दिवशी ओसरीत जातं मांडलं होतं. आता एरवी जात्याला कोण विचारतं, पण लग्नाची हळद त्यावरच दळतात. आणि त्याला हात लावायचा तो सवाष्णींनी. आई भिंतीला टेकून लांब बसली होती. कुणी तिला 'नको येऊस' म्हटलं नव्हतं. म्हणायची गरजच नसते, तिला माहीत होतं कुठे बसायचं ते. (त्याच वर्षी मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला होता, आणि त्याच महिन्यात सरकारने सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करा म्हणून परिपत्रक काढलं होतं. आमच्या ओसरीपर्यंत सात महिन्यांत काही ते पोचलं नव्हतं.)

बायका गात होत्या. नवरीच्या नावाच्या, देवाच्या, भावाच्या ओव्या. मध्येच थोरली मावशी दळता दळता थांबली आणि आईला म्हणाली, "अगं, हात नको लावू, पन तोंड तर हाय ना? म्हन की." आई बराच वेळ काही बोलली नाही. मग जागेवरूनच, फाटक्या आवाजात तिने एक ओवी म्हटली. तिची स्वतःची. त्यात काचेचं दार होतं. मग दुसरी, त्यात बाबांचा चष्मा, जो आम्हाला परत मिळाला नाही. बायकांनी तिची शेवटची ओळ उचलून धरली, जशी कुठल्याही ओवीची धरतात. दीड वर्षात तिच्या तोंडून आम्ही ऐकलेली ती पहिली लांब वाक्यं होती. मी दारात उभा होतो, हातात कोल्ड्रिंकचा क्रेट.

ती कुठल्या हर्ट्झवर गायली मला माहीत नाही. दर ओवीला सूर बदलत होता, तेवढं कळलं.

नंतर पुण्यात आल्यावर मी शोधत बसलो. (आपण इंजिनियर, दुःख झालं की सर्च करतो.) हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या दोघांनी पुण्यातून जात्यावरच्या ओव्या गोळा करायचं प्रचंड काम केलं. लाखाच्या वर ओव्या, हजाराहून जास्त गावं. बर्नार्ड बेल या संशोधकाने नव्वदच्या दशकात त्यातल्या हजारो ओव्या ध्वनिमुद्रित केल्या, आणि २०१७ पासून 'पारी'च्या साइटवर त्या येतायत. शिरूर तालुक्यातल्या सविंदण्यासारख्या गावातल्याही आहेत. ऐका एकदा. सासुरवास आहे, उपासमार आहे, माहेरी न येणारा भाऊ आहे. सीतेचा वनवास तर बायकांनी असा गायलाय की ती शेजारच्याच घरात नांदत असावी. दलित बायकांनी बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्या आहेत. जे सासूसमोर, नवऱ्यासमोर, पाटलासमोर बोलता येत नव्हतं ते पहाटे जात्याच्या घरघरीत बोलून घेतलंय. गाणं होतं म्हणून कुणी अडवलं नाही. 'मी काही बोलले नाही, ओवी म्हणत होते.'

मला वाटतं मुद्दा इथे आहे. आईला त्या दिवशी सुरांनी काही केलं असं मला वाटत नाही. तिला बोलायची परवानगी मिळाली, तिचे शब्द तिचे होते, आणि ऐकायला तिची माणसं होती. रिसॉर्टवाले यातलं सगळं वगळतात नि फक्त आवाज विकतात. वीस अनोळखी लोक डोळे मिटून आडवे पडणार, कुणी एक अक्षर बोलणार नाही, आणि याला ट्रॉमा रिलीज म्हणायचं!

विज्ञानाच्या नावाने उगाच खडे फोडत नाहीये, तेही वाचलं. लंडनमध्ये डेझी फॅनकोर्ट यांच्या गटाने बाळंतपणानंतरचं नैराश्य असलेल्या १३४ आयांवर एक अभ्यास केला, तो २०१८ मध्ये छापून आला. एका गटाला बाळांसह एकत्र गाणं, दुसऱ्याला एकत्र खेळ, तिसऱ्याला नेहमीचे उपचार, दहा आठवडे. ज्यांचा त्रास जास्त होता त्यांच्यात गाणाऱ्या आया नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा लवकर सावरल्या. लवकर, हा शब्द नीट वाचा. बाकीच्याही हळूहळू सुधारल्याच. आणि त्या स्वतः गात होत्या, दर आठवड्याला, त्याच त्या माणसांबरोबर. हेडफोन लावून पडून नव्हत्या.

आता दुसऱ्या बाजूचे लोक खूश होऊ नयेत म्हणून सांगतो. हा किस्सा मी एका काकांना सांगितला तर ते म्हणाले, "बघ, म्हणूनच पूर्वीच्या बायकांना डिप्रेशन-बिप्रेशन नव्हतं. जातं होतं ना!" काका, ओव्या ऐका हो. विहिरीचे उल्लेख किती वेळा येतात बघा. पहाटे तीनला उठून दळणाऱ्या बाईला गिरणी आली तेव्हा सुटल्यासारखं झालं, आणि ते बरोबरच होतं. ज्याला जातं परत आणायचंय त्याने आधी एक पायली ज्वारी दळून दाखवावी, मग संस्कृतीवर बोलावं.

आणि गाणं म्हणजे आपोआप औषध असं असेल तर चौफुल्याला जाऊन या. आमच्या गावाच्या रस्त्यावरच आहे, संगीत बारीची थिएटरं. तिथल्या बायका रात्र रात्र गातात, पुढ्यात बसलेला फर्माईश करेल ते गातात, कारण घर त्यावर चालतं. भूषण कोरगावकरांचं 'संगीत बारी' वाचा, २०१४ चं. नारायणगावच्या विठाबाईंची गोष्ट तर सगळ्यांना पाठ असते, तमाशा चालू असताना बाळंत झाल्या आणि नाळ दगडाने तोडून पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. आपण ती 'केवढी ही कलानिष्ठा' म्हणून टाळ्या वाजवत फॉरवर्ड करतो. मला ती ऐकली की माझा चौथ्या दिवसाचा स्टँडअप आठवतो. (तुलना आगाऊपणाची आहे, कळतंय मला. तरी आठवतो.)

चौफुल्याच्या अलीकडेच केडगाव. तिथे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. आई-वडील आणि बहीण दुष्काळात गेलेली, नवरा १८८२ मध्ये गेलेला, पदरात लहान मुलगी. या बाईला आघात म्हणजे काय हे कुणी शिकवायला नको होतं. १८९६-९७ च्या दुष्काळात तिने मध्य प्रांतातून शेकडो मुली-बायका उचलून आणल्या. तिथे प्रार्थना होत्या, सामुदायिक गाणं होतं. पण त्याच्या आधी आणि बरोबर छप्पर होतं, जेवण होतं, शेती, विणकाम, छापखाना होता. खिळे जुळवायला शिकवलं त्या मुलींना! 'परत घरी गेलीस तर तेच होईल' या भीतीतून त्यांना बाहेर काढलं. आमच्या ओसरीत ते झालं नव्हतं. आईने गायलं, सगळ्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले, आणि दुसऱ्या दिवशी हळद लावायला पुन्हा तिला कुणी बोलावलं नाही. ज्या बायकांनी तिची ओवी उचलून धरली त्याच या. मी पण गप्प बसलो, हे लिहायला लाज वाटते, पण बसलो.

त्यानंतर आई डॉक्टरकडे जायला तयार झाली. आठ महिने गोळ्या होत्या. मीही काउन्सेलरकडे जाऊन आलो, आणि ओवी वगैरे न गाता तिथल्या खुर्चीत बसून ढसाढसा रडलो. (सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे २०२२ पासून, १४४११ नाही, १४४१६. मी पहिल्यांदा चुकीचा लावला होता.) आता आई आठवड्यातून दोनदा सोसायटीतल्या भजनी मंडळात जाते. बेसूर गाते आणि भांडणंही करते तिथे. मला दोन्ही आवडतं.

एचआरला मी उत्तर पाठवलं. लिहिलं की वाट्यांच्या पैशात माणूस गेल्यावरची सुट्टी तीनची दहा दिवस करा, आणि पहिले दोन आठवडे स्टँडअपला बोलावू नका. उत्तर आलं, "थँक यू फॉर युवर व्हॅल्युएबल फीडबॅक." सगळ्या जागा भरल्यात म्हणे.

उद्या मामेबहिणीच्या मुलाचं बारसं आहे, शिरूरला. मी आईला म्हटलं, या वेळी मोबाइलवर रेकॉर्ड करतो तुझ्या ओव्या. ती म्हणाली, "काही नको. तुझ्यासाठी नाही म्हणत मी." बरं. पाळण्याला पहिला हात तिचा असणार, हे मी मामीला फोनवर सांगून ठेवलंय. मामी "बघू" म्हणाली. सकाळी सहालाच निघतो, वाघोलीचं ट्रॅफिक लागायच्या आत.