आज चहात काय पडलंय?

मंगळवार, दुपारचे सव्वाचार. पाच वाजेपर्यंत लेख द्यायचा होता आणि स्क्रीनवर फक्त शीर्षक होतं. अशा वेळी कुठलाही शहाणा माणूस जे करतो, तेच मी केलं. लॅपटॉप उघडा ठेवला, चपला अडकवल्या आणि खाली मावशींच्या टपरीवर गेले.

आमच्या ताथवड्यात हायवेचा सर्व्हिस रोड सोडून आत वळलं की ही टपरी लागते. एकच बाकडं. त्यावर कॉलेजची पोरं, हिंजवडीला जाणारे आयडी कार्डवाले आणि समोरच्या साइटवरचे गवंडी मांडीला मांडी लावून बसलेले असतात. पिझ्झा कुठला मागवायचा यावर या तिघांचं कधीच एकमत होणार नाही. पण चहा मावशींचाच!

मी पहिला घोट घेतला आणि थांबले. दूध होतं, साखर होती, आलंही होतं. चहा वाईट नव्हता हो, पण तो मावशींचा नव्हता. शेजारच्या आयडी कार्डने ग्लास नाकाशी नेला, खाली आणला, पुन्हा नाकाशी नेला.

"मावशी, आज चहात काय पडलंय?" मी विचारलं.

"काय पडलंय ते नको इचारू. काय न्हाई पडलं ते इचार," मावशी पातेल्यातून नजर न काढता म्हणाल्या. "पात न्हाई आज."

पात म्हणजे गवती चहा. आणि ती का नाही, ही खरी स्टोरी. पण त्याआधी एक कबुली देते. चहात भलतंसलतं घालणं हा माझा जुना छंद आहे.

आमच्या फ्लॅटमध्ये आम्ही तिघी. एक कोल्हापूरची, एक अमरावतीची आणि एक मी. किचन एक, पातेलं एक आणि चहाबद्दलची मतं तीन. दालचिनी, बडीशेप, जायफळ, काळी मिरी, पुदिना, तुळस... सगळं घालून झालंय. गोकर्णाच्या निळ्या फुलांचा चहासुद्धा केला. तो दुधाशिवायच करायचा. वर लिंबू पिळलं की निळ्याचा जांभळा होतो. फोटोला सही दिसतो. चवीला मात्र गरम पाणी! एकदा गुळाचा चहा करताना दूध उकळत असतानाच गूळ टाकला आणि तिघींनी मिळून पनीर बघितलं. गुळात थोडी आम्लता असते, क्षारही असतात, त्यामुळे उकळत्या दुधाचा मूड जातो. गॅस बंद करून मग गूळ घाला, किंवा सरळ कपातच घाला. मी जे दूध ओतून दिलं, ते तुम्ही तरी वाचवा.

आल्याचाही असाच नखरा असतो. कच्च्या आल्यात प्रोटीन तोडणारं एक एन्झाइम असतं. चीनमधल्या ग्वांगडाँगमध्ये आल्याच्या रसावर गरम दूध ओतून मुद्दाम दह्यासारखं घट्ट पुडिंग करतात, ते याच्याच जोरावर. आपल्याला पुडिंग नकोय, चहा हवाय. म्हणून आलं आधी पाण्यात उकळायचं आणि दूध नंतर घालायचं. आई "आधी आलं, मग दूध" असं ओरडायची, तेव्हा तिला एन्झाइम माहीत नव्हतं. पण ती बरोबर होती. (नेहमीप्रमाणे.)

तुम्हाला वाटेल, हे उद्योग फक्त रिकामटेकड्या फ्रीलान्सरचे. अजिबात नाही! 2024 च्या जानेवारीत मिशेल फ्रँकल नावाच्या अमेरिकन केमिस्ट्री प्रोफेसरबाईंनी सुचवलं, की चहात चिमूटभर मीठ टाका, कडवटपणा कमी लागतो. ब्रिटनमध्ये एवढा गदारोळ झाला, की लंडनच्या अमेरिकन दूतावासाने चक्क मिश्कील पत्रक काढलं. चहात मीठ हे आमच्या देशाचं अधिकृत धोरण नाही, असा खुलासा त्यात होता. आणि वर हेही, की आम्ही चहा मायक्रोवेव्हमध्येच करत राहणार! हे सगळं वाचून काश्मिरी माणूस मनात हसला असेल. त्याच्या नून चायमध्ये मीठ पिढ्यान्‌पिढ्या पडतंय, सोबत सोडाही. त्या सोड्यामुळेच तो चहा गुलाबी होतो. लडाखमध्ये तर मिठाबरोबर लोणीही घुसळतात. हाडं गोठवणाऱ्या थंडीत ते लोणी अंगाला ऊब देतं.

आपलं पुणंही मागे नाही. खराडीतल्या 'चाय-ला'चा तंदूर चहा आठवतोय? भट्टीत लालबुंद तापवलेलं मातीचं भांडं, त्यात ओतलेला चहा, आणि फसफसून उतू जाणारा तो फेस. 2018 च्या सुमारास त्याचे व्हिडिओ इतके फिरले, की पुढे गावोगावी तंदूर चहाच्या पाट्या लागल्या. पत्ती, दूध, साखर तेच. जास्तीचा पडला तो धूर.

थोडक्यात, लोक चहात तेच टाकतात जे हाताशी असतं. कुणाकडे मीठ, कुणाकडे लोणी, कुणाकडे पेटलेली भट्टी. आपला मसाला चहाही असाच जुळून आला.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंडियन टी असोसिएशन या ब्रिटिश मळेवाल्यांच्या संघटनेने आपल्या लोकांना चहाची सवय लावायचं मनावर घेतलं. कारखाने, खाणी, कापड गिरण्या... सगळीकडे कामगारांना चहाची सुट्टी द्या, असा प्रचार केला. भोसरीपासून चाकणपर्यंत प्रत्येक शॉपमध्ये जी टी-टाइमची वाट बघतात ना, तिच्या मुळाशी ही मंडळी आहेत. त्यांना खपवायचा होता इंग्रजी पद्धतीचा चहा, म्हणजे दूध-साखर अगदी थोडी. आपल्या चहावाल्यांनी काय केलं? दूध वाढवलं, साखर वाढवली आणि वरून आलं-वेलची ठेचून घातली. चव वाढली आणि पत्ती कमी लागली. असोसिएशनला हे सुरुवातीला अजिबात आवडलं नव्हतं. साहजिक आहे, त्यांची पत्तीच कमी खपत होती! आज कॅफेच्या मेन्यूकार्डावर जो ऐटीत बसलाय, तो मसाला चहा म्हणजे काटकसरीतून निघालेला जुगाड आहे, बॉस.

आता मावशींची पात.

गवती चहा हा चहा नाहीच. चहाचं झुडूप वेगळं, हे निव्वळ गवत. पण त्यात सिट्रल नावाचं द्रव्य असतं. लिंबाच्या सालीच्या वासातही तेच असतं. आता गंमत बघा. दुधाच्या चहात लिंबू पिळाल तर चहा फाटणार, कारण लिंबाचा रस आंबट. गवती चहात लिंबाचा वास आहे आणि आंबटपणा नाही. म्हणजे दूध न फाटता लिंबाची चव! ज्या कुणी आजीने पहिल्यांदा ही पात दुधाच्या चहात टाकली, तिला मी तरी नोबेल दिलं असतं.

आणि ही पात यायची कुठून? परसातून. जुन्या घरांमागे मोरीचं पाणी जिथे जायचं तिथे अळू असायचं, एखादी केळ असायची आणि कडेला गवती चहाचा झुबका. वेगळं पाणी नाही, खत नाही आणि पैसे तर नाहीतच. मावशींच्या गावठाणातल्या घरामागेही असाच झुबका होता. रोज सकाळी त्या विळ्याने मूठभर पात कापायच्या, तिची गाठ मारायच्या आणि उकळत्या पाण्यात सोडायच्या. टपरीचं नाव झालं ते या गाठीवर.

ताथवडे 2009 साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं. त्यानंतर इथे काय काय उगवलं ते सांगायला नको, तुमच्यातले निम्मे त्यातच राहतात. (मीही!) मावशींच्या भावकीनेही जागा बिल्डरला दिली. बदल्यात मावशींना तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. आता इथे मी डोळ्यांत पाणी आणून 'हरवलेलं गाव' वगैरे लिहिणार होते. पण मावशींनीच ब्रेक लावला.

"मला काय वाईट न्हाई झालं गं. लिफ्ट हाय, चोवीस तास लाईट हाय, पावसाळ्यात घर गळत न्हाई. फक्त मोरीचं पाणी पायपातनं जातंय. त्याला पात कशी येणार?"

जुनं घर पाडल्यावर काही महिने मावशींनी मंडईतून जुडी आणली. जी गोष्ट फुकट होती तिला रोजचे पैसे पडायला लागले. पावसाळ्यात ठीक, उन्हाळ्यात जुडी महाग आणि वाळकी. दहा रुपयांच्या चहात ते बसेना. तेवढ्यात एक सेल्समन सॅम्पल देऊन गेला. तयार चहा मसाला, 'लेमनग्रास फ्लेवर'. चिमूटभर टाकला की काम झालं. जुडीपेक्षा स्वस्त, वर्षभर एकच चव.

पुडी गल्ल्याशेजारीच ठेवलेली होती. न फोडलेली.

"आज दोन्ही न टाकता केला," मावशी म्हणाल्या. "म्हटलं बघू, कुणाला कळतंय का. न्हाई कळलं तर उद्यापासून पुडी."

म्हणजे आमची परीक्षा चालली होती! आयडी कार्ड पास, मी पास. गवंडीकाकांनी तर पहिल्याच घोटाला "वास मेला आज" म्हणून सांगून टाकलं होतं.

"कळलं सगळ्यांना," मी म्हणाले.

"कळलं खरं. पर कळून मला पात मिळती का?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुडी घेतली म्हणून मी त्यांना काय तोंडाने नावं ठेवणार? शंभर वर्षांपूर्वीचा चहावाला पत्ती वाचवायला आलं घालत होता, मावशी जुडी वाचवायला पुडी घालणार होत्या. हिशेब तोच. फक्त तेव्हाच्या हिशेबातून आपल्याला एक चव मिळाली होती आणि आताच्या हिशेबात एक जाणार होती.

जिना चढताना मला एकदम आठवलं, बादली!

दोन पावसाळ्यांपूर्वी, मावशींचं जुनं घर उभं होतं तेव्हा, मी त्यांच्याकडून मुळासकट चार काड्या मागून आणल्या होत्या. रंगाच्या रिकाम्या बादलीला भोकं पाडली, माती भरली, काड्या खोचल्या आणि पूर्ण विसरून गेले. विसरली नव्हती ती अमरावतीवाली. ती रोज तांदूळ धुतलेलं पाणी त्यात ओतायची. बाल्कनीत जाऊन बघितलं तर बादली दिसतच नव्हती, नुसता हिरवा झुबका. माझ्या कमरेइतका!

लेख उशिरा गेला. (संपादकांनी हा भाग वाचू नये.) त्या संध्याकाळी आम्ही तिघींनी बादली उलटी केली आणि तो गड्डा सुरीने फोडला. पातीची कड ब्लेडसारखी असते, त्यामुळे बोटं कापून घेतली. अर्धा भाग बादलीत परत गेला. उरलेल्याचे तीन तुकडे तेलाच्या पत्र्याच्या डब्यांत लावले आणि मावशींच्या तिसऱ्या मजल्यावर पोचवले. त्यांची बाल्कनी पश्चिमेची, दुपारनंतरचं ऊन भरपूर. ती रोपं धरेपर्यंत रोजची मूठभर पात आमच्या बादलीतून.

तुम्हालाही करून बघायचं असेल तर फार काही लागत नाही. मंडईतून जुडी घेताना बुडाशी पांढरा गड्डा असलेल्या काड्या निवडा. ग्लासभर पाण्यात उभ्या करा, पाणी बदलत राहा. दोन-तीन आठवड्यांत मुळं फुटतात. मग कुंडीत लावून कुंडी उन्हात ठेवा. पात कापताना बुडापासून चार बोटं सोडा, म्हणजे पुन्हा फुटते. चहा करताना पात आधी पाण्यात टाका, झाकण ठेवा आणि दोन-तीन मिनिटंच उकळा. तो वास उडून जाणारा असतो. अर्धा तास रटरटवलात तर शेजाऱ्यांना वास आणि तुम्हाला पाणी!

मावशींची पुडी अजून गल्ल्याशेजारीच आहे. फेकलेली नाही आणि फोडलेलीही नाही. येणाऱ्या उन्हाळ्यात पत्र्याच्या डब्यांनी दगा दिला तर ती फुटेल, हे त्यांना माहीत आहे आणि मलाही. तोवर रोज सकाळी नऊ वाजता मी पातीची गाठ घेऊन खाली उतरते.

पहिल्या दिवशी चहा पिऊन झाल्यावर मी जरा रेंगाळले. म्हटलं, आता आपण सप्लायर, मावशी पैसे नको म्हणतील. मावशींनी गाठ पातेल्यात सोडली, फडक्याला हात पुसले आणि तळहात पुढे केला.

"पातीचं उपकार हाईत, पोरी. चहाचं धा रुपये येगळे."