चिमणी पाडली, हिशेब कोण देणार?

"झालं ना विमान सुरू? आता कशाला जुनं उकरताय?" होटगी रोड विमानतळावर लिहिलं की इनबॉक्समध्ये हा प्रश्न हमखास येतो. मित्रांनो, उकरणारच. कारण विमान उडालं म्हणून बाकीचे प्रश्न आपोआप हवेत विरत नाहीत.

विमान सुरू झालं याचा मलाही आनंद आहे. पण आपण स्वतःला जी गोष्ट सांगतो ती अर्धी आहे. ती अशी: शहराचा विकास एका चिमणीनं अडवला होता, चिमणी पाडली, विकास सुरू. सोपी गोष्ट. एक खलनायक, एक स्फोट, टाळ्या.

आता तारखा बघा.

होटगी रोडची धावपट्टी काही काल-परवाची नाही. मध्यंतरी किंगफिशरचं विमान इथून मुंबईला जायचं. ते बंद पडलं, पुढं ती कंपनीच २०१२ मध्ये बसली. मार्च २०१७ मध्ये 'उडान'च्या पहिल्याच यादीत सोलापूरचं नाव आलं. आपण पेढे वाटले. २७ एप्रिल २०१७ ला नांदेडहून हैदराबादला विमान उडालंसुद्धा. आपण बघत बसलो.

अडथळा कुठला? कुमठ्याच्या सिद्धेश्वर कारखान्याच्या सहवीजनिर्मितीची चिमणी. १५ जून २०२३ ला ती पाडली. आणि पहिलं प्रवासी विमान गोव्याला कधी गेलं? ९ जून २०२५ ला. म्हणजे दोन वर्षांना फक्त सहा दिवस कमी! मधे २९ सप्टेंबर २०२४ ला ऑनलाइन उद्घाटनही उरकलं. उद्घाटनानंतर आठ महिने विमानतळ तयार, विमान गायब. मला सांगा, या दोन वर्षांत कुठली चिमणी आडवी आली होती?

चिमणी पाडायला नको होती असं मी म्हणत नाही. विमानाच्या वाटेत उंच बांधकाम चालत नाही, हा सुरक्षेचा विषय आहे, त्यात भावना चालत नाहीत. पण चिमणी ही काही रात्रीत उगवणारी अळंबी नाही. विमानतळाच्या शेजारी ती वीट-वीट वर जात होती, सगळ्या शहराला दिसत होती. महापालिकेनं ती नंतर बेकायदा ठरवली. मग बांधकाम चालू असताना महापालिका कुठं बघत होती? वेळेत रोखलं असतं तर कारखान्याच्या सभासद शेतकऱ्यांचा पैसा मातीत गेला नसता, शहराची वर्षं गेली नसती, कोर्टकचेऱ्या आणि मोर्चे झाले नसते. नुकसान ऊसवाल्याचं झालं आणि प्रवाशाचंही. टेबलामागच्या कुणाचं काय झालं?

दुसरा मुद्दा बोरामणीचा. हैदराबाद रोडवर मोठा आंतरराष्ट्रीय विमानतळ होणार म्हणून पाचशे हेक्टरांहून जास्त जमीन घेतली. प्रकल्प अडकला वनजमिनीवर. हा सगळा माळढोकचा टापू. नान्नजचं अभयारण्य १९७९ चं. म्हणजे हे जमीन घेताना कळत नव्हतं असं कुणी म्हणू नये. आता होटगी रोड सुरू झाला, म्हणून बोरामणीचं नाव कुणी काढत नाही. ज्यांनी बापजाद्यांची जमीन दिली ते कुणाला विचारणार? विमानतळ करणार असाल तर तारीख सांगा. नसाल तर जमिनीचं काय करणार ते लेखी सांगा. 'बघू, करू' हे उत्तर नाही.

तिसरा मुद्दा उद्याचा. 'उडान'मध्ये निम्म्या जागांची तिकिटं ठरावीक दरात मिळतात, कारण कंपनीचा तोटा सरकार भरून देतं. ही सोय तीन वर्षांपुरती असते. त्यानंतर विमान प्रवाशांच्या जिवावर चालायला हवं. नांदेडकडे बघा. ट्रूजेट कंपनी बंद पडली आणि त्यांची विमानंही थांबली. पुन्हा सुरू व्हायला २०२४ उजाडलं. आपलं तसं होऊ नये यासाठी आज कोण काय करतंय? चादर-टॉवेलवाले, गारमेंटवाले, दवाखान्यासाठी मुंबई गाठणारे, यांना सोयीच्या वेळा कुठल्या, हे कुणी विचारलंय का?

आणि एक आपल्यालाही. विमानतळापासून दहा किलोमीटरच्या आत उघड्यावर कचरा किंवा जनावरांचे अवशेष टाकायला कायद्यानं बंदी आहे, कारण त्यावर घारी-गिधाडं जमतात आणि विमानाला धडकतात. हा नियम काही नवा नाही. आपल्याकडं कचरा कुठं पडतो ते रोज बघतोय. पतंगाचा मांजा वेगळाच. उद्या पक्षी धडकून फेरी रद्द झाली की पुन्हा कुणाला तरी 'चिमणी' ठरवायचं का?

म्हणून माझ्या तीनच मागण्या आहेत. चिमणी उभी राहताना डोळे मिटून बसलेल्यांची नावं आणि जबाबदारी जाहीर करा. बोरामणीच्या शेतकऱ्यांना तारखेसह लेखी उत्तर द्या. अनुदान संपल्यावर विमान कसं टिकवणार, तो आराखडा लोकांपुढं ठेवा.

आमदार-खासदार कुठल्याही पक्षाचे असोत, पुढच्या वेळी ते दारात आले की हारतुऱ्याआधी हे तीन प्रश्न विचारा. विमानाबरोबर सेल्फी सगळ्यांनीच काढलेत, उत्तर अजून एकानंही दिलेलं नाही.

पटलं तर पुढं पाठवा. नाही पटलं तर खाली लिहा, पण मुद्द्यावर लिहा.