आचारसंहिता उठते, नगरसेवक राहतो



डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या. आमच्या तालुक्याच्या गावी चार वर्षं प्रशासक होता, त्यामुळे उत्साह बराच होता. निकालानंतर वस्तीतल्या बायकांची बैठक घेतली आणि मी विषय काढला, नगरसेवकांच्या आचारसंहितेचा. पुढे बसलेल्या एक आजी चटकन म्हणाल्या, "ती तर निकाल लागला तशी उठली की!"

सगळ्या हसल्या, मीही हसले. पण आजींचं काय चुकलं? हा शब्द आपल्याला निवडणुकीपुरताच ठाऊक. महिनाभर नारळ फोडायचा नाही, साड्या वाटायच्या नाहीत. मग पुढची पाच वर्षं काय?

हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला तो २०१९ साली, एका बाईमुळे. तिच्या परवानगीनं लिहिते आहे. ओळख पटेल असं काही लिहीत नाही. नवरा वारलेला, पदरी दोन मुलं, चार घरची पोळीभाजी करून गुजराण. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज भरायचा होता. कुणीतरी सांगितलं, रहिवासी असल्याचं नगरसेवकाचं पत्र लागतं. ती गेली. तो म्हणाला, "देतो की. संध्याकाळी ये, पण एकटीच ये." ती सासूला घेऊन गेली, तर शिक्का घरी राहिलेला. पुन्हा मुलाला घेऊन गेली, तर लेटरहेड संपलेलं. तिसऱ्या वेळी ती आमच्याकडे आली.

तहसील कार्यालयात आम्ही विचारलं, तेव्हा कळलं की त्या पत्रावाचून काहीच अडत नव्हतं. रेशनकार्ड आणि विजेचं बिल पुरलं. पंधरा दिवसांत अर्ज आत गेला. कायद्यानं ज्या कागदाची गरज नाही, त्या कागदासाठी गावातल्या किती बायका किती जणांच्या ऑफिसांच्या पायऱ्या झिजवत असतील, याचा हिशेब कोण ठेवणार?

काम झालं तशी ती म्हणाली, "ताई, आता कशाला? चिखल माझ्याच अंगावर उडायचा." आम्ही भरीला घातलं नाही. पोलिसांत जायला ती तयार नव्हती, तोही तिचा निर्णय. पण आठवड्यानं ती आपण होऊन आली. त्याच वॉर्डातल्या दुसऱ्या एका मुलीलाही त्यानं "एकटी ये" म्हटल्याचं तिच्या कानावर आलं होतं. म्हणाली, "लिहा माझं नाव."

लिहायचं, पण कुणाला? एम.एस.डब्ल्यू.ला मला ७४वी घटनादुरुस्ती शिकवली होती, तिच्यावर हमखास प्रश्न असायचा. पण वॉर्डातल्या बाईनं नगरसेवकाची तक्रार नेमकी कुठे करायची, हे कुणी शिकवलं नव्हतं. एका वकील मैत्रिणीला घेऊन बसलो आणि महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ वाचून काढला. भाषा रुक्ष आहे. तरी प्रत्येक गटानं निदान तीन कलमं वाचावीत असं मला वाटतं.

कलम १६ आणि ४४ अपात्रतेची आहेत. नगरपरिषदेच्या कामात किंवा ठेक्यात नगरसेवकाचा, त्याच्या जोडीदाराचा किंवा भागीदाराचा हिस्सा असता कामा नये. त्यानं किंवा घरच्यांनी बेकायदा बांधकाम केलं तर पद जाऊ शकतं. यासाठी कुणीही नागरिक जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करू शकतो, आणि त्यांनी शक्यतो ६० दिवसांत निर्णय द्यावा असं कायदा म्हणतो. तिसरं कलम ४२. कर्तव्य बजावताना केलेली गैरवर्तणूक किंवा लज्जास्पद वर्तन यासाठी राज्य सरकार नगरसेवकाला पदावरून दूर करू शकतं, स्वतःहून किंवा नगरपरिषदेच्या शिफारशीवरून. अर्थात त्याचं म्हणणं ऐकून घेऊन.

आता गंमत बघा. भिंत दोन फूट पुढे आली तर जिल्हाधिकारी आणि ६० दिवस. विधवा बाईला संध्याकाळी एकटी ये म्हटलं तर मंत्रालय, आणि मुदत कसलीच नाही.

अर्ज घेऊन आम्ही नगरपरिषदेत गेलो. आवक-जावकचा कारकून म्हणाला, "मॅडम, नगरसेवकाविरुद्धचं आम्ही घेत नसतो." आम्ही अकराजणी होतो. तिथेच बाकावर बसून राहिलो. पावणेसहाला त्यानं शिक्का मारला, तारीख टाकली, पोच दिली. दुसरी प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात, तिसरी रजिस्टर पोस्टानं नगरविकास विभागाला. पोच असल्याशिवाय तक्रार झालेली नसते, हे त्या दिवशी आमच्या सगळ्यांच्या हाडीमाशी मुरलं. पुढे माहिती अधिकारात विचारलं तेव्हा उत्तर आलं, मुख्याधिकाऱ्यांकडून अहवाल मागवला आहे. मग करोना आला. मग नगरपरिषदेची मुदत संपली. फाइल कुठल्या कपाटात गेली कोण जाणे.

मंत्रालयाच्या हाती निर्णय असण्यातला दुसरा धोकाही सांगायला हवा. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं उस्मानाबाद आणि नळदुर्ग इथल्या नगरपरिषदांमधले असे अपात्रतेचे आदेश रद्द केले. लोकांनी निवडून दिलेल्या सदस्यांना मंत्र्यांच्या किंवा अधिकाऱ्यांच्या मर्जीवर काढता येणार नाही, असं बजावलं. म्हणजे कलम ४२ आपल्या माणसाला वाचवायलाही वापरता येतं आणि दुसऱ्याला उडवायलाही. केरळात स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी स्वतंत्र ऑम्बुड्समन आहे. साधा नागरिकही तिथे तक्रार नेऊ शकतो. तसं काही आपल्याकडे हवं, ही मागणी आपण लावून धरायला हवी.

आणि ही तरवार बाईवर किती पटकन चालते, तेही आपण पाहिलं आहे. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेडा गावच्या सरपंच बाईंना सरकारी जागेतल्या घराचं कारण काढून पदावरून काढलं होतं. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना पद परत दिलं आणि बाईचे आदेश पाळावे लागतात हेच गावकऱ्यांना खुपत होतं, असं स्पष्ट म्हटलं. दोन अपत्यांच्या नियमाचंही तसंच. तिसरं मूल व्हावं की नाही हे जिच्या हाती नसतं, तिचीच उमेदवारी जाते. २०११ पासून निम्म्या जागा आपल्या आहेत. उद्या एखादी दलित नगरसेविका ठेकेदाराचं बिल अडवेल आणि तिच्याविरुद्ध कुणी "वस्तीतल्या महिलांचा" अर्ज घेऊन आमच्याकडे सह्या मागायला येईल. आम्ही बैठकीत ठरवलं आहे, तक्रार करणारी बाई स्वतः समोर बसून बोलल्याशिवाय संघटनेची सही नाही. मग तक्रार पुरुषाविरुद्ध असो की बाईविरुद्ध. यावर आमच्यात वाद झाला. दोघी-तिघींचं म्हणणं, भेदरलेली बाई समोर येणारच नाही. त्यांचं चूक आहे असं मला म्हणवत नाही. पण निनावी कागदांनी बायकांचीच पदं जाताना पाहिलीत, म्हणून मी नियमाच्या बाजूनं मत दिलं.

नगरपरिषदेत झाडू मारणाऱ्या, कंत्राटावरच्या बायकांना निदान २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा कायदा आहे. त्रास देणारा नगरसेवक असला, कर्मचारी नसला, तरी बाईची इच्छा असेल तर फौजदारी तक्रारीसाठी मदत करणं ही मालकाची जबाबदारी आहे. वॉर्डातल्या बाईला तेवढंही छत्र नाही. ती ना त्याची कर्मचारी, ना सहकारी. पोलीस ठाणं तिला आहेच, पण तिथल्या दारात कुणाची जीप उभी असते हे तिला माहीत असतं.

तर, तो नगरसेवक या डिसेंबरात पुन्हा निवडून आला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? ती मात्र दुसऱ्याच दिवशी जुन्या पोचपावत्यांची पिशवी घेऊन दारात उभी. फौजदारी तक्रारीची मुदत केव्हाच उलटली होती. पण कलम ४२ पुन्हा वाचलं तर त्यात लिहिलं आहे, चालू मुदतीतलं वर्तन, आणि लगतच्या आधीच्या मुदतीतलंसुद्धा. मी ते तिला दोनदा वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे मोजतात अजून?"

नवा अर्ज दिला आहे. सोबत २०१९ ची पोच, माहिती अधिकाराचं उत्तर आणि तिच्या सासूचा जबाब. या खेपेला कारकुनानं दहा मिनिटांत शिक्का मारला. तुमच्या जिल्ह्यात बाईच्या तक्रारीवरून कलम ४२ खाली कधी कारवाई झाली असेल, तर आदेशाची प्रत आमच्या पत्त्यावर जरूर पाठवा. आम्हाला ती अर्जाला जोडायची आहे.