जीपचा ‘क्रॉस’ घरीं बदलतांना

यवतमाळ जिल्ह्यांतील कापसाच्या काळ्या रानांतून ज्या कुटुंबाला पावसाळ्यांत जावें-यावें लागतें, त्याच्या दारीं चारही चाकांना जोर देणारी जीप असली तर ती केवळ हौस समजूं नये. उमरखेडकडील पैनगंगेचा कांठ असो कीं वणीकडील वर्धेचा, ओल्या मातीनें चाक धरलें कीं मागच्या दोन चाकांचें बळ अपुरें पडतें. मात्र याच चिखलपाण्यानें जीपचा एक लहानसा अवयव आजारी पडतो. कारखान्यांतील मंडळी त्याला ‘क्रॉस’ म्हणतात.

गिअरपेटीपासून चाकांच्या आंसाकडे शक्ति नेणारा लोखंडी दांडा म्हणजे प्रोपेलर शाफ्ट. खांचखळग्यांत त्याचा कोन सारखा पालटतो, तरी त्यानें फिरत राहिलें पाहिजे. म्हणून त्याच्या टोकांशीं दोन बेचक्यांमध्यें अधिक-चिन्हाच्या आकाराचा पोलादी तुकडा बसवितात. त्याच्या चार भुजांवर चार वाट्या, आणि वाट्यांत सुयांसारख्या बारीक कांड्या. वाटीचें रबरी कडें फाटून पाणी शिरलें कीं ग्रीस धुवून जातें, कांड्या गंजतात, व गाडी मागें-पुढें घेतांना खालून ‘टक्’ असा आवाज येतो. शाफ्ट हातानें हलवून पाहावा. परंतु सगळा शाफ्ट थोडा फिरतो तो दांत्यांमधील ढिलाईमुळें. बेचकें व क्रॉस यांच्यामध्येंच हालचाल दिसली, तर रोग तेथें आहे.

आतां जें सांगावयाचें तें घरांतील वडील मंडळींनींही ऐकावें. मागील शाफ्ट सोडतांच इंजिन व मागचीं चाकें यांचा संबंध तुटतो. पुढचीं चाकें जोडलेलीं नसलीं, तर गिअर घातला आहे म्हणून गाडी उभी राहील ही समजूत त्या क्षणीं खोटी ठरते. जुन्या विलीज जीपमध्यें व त्याच नमुन्याच्या महिंद्र जीपमध्यें हातब्रेकही चाकांवर नसून गिअरपेटीमागें, शाफ्टच्या तोंडाशींच असतो. शाफ्ट निघाला कीं मागच्या चाकांपुरता तोही निघाला! जरासा उतार असला तरी गाडी खालीं निजलेल्या माणसावरून जाईल. म्हणून सपाट, कठीण जमीन पाहावी. चाकांना दोन्ही बाजूंनीं लांकडी ठोकळे द्यावे. काळ्या मातींत जॅक रुततो. त्याच्या भरंवशावर खालीं जाऊं नये, लोखंडी घोड्या लावाव्या. मुलांना गाडींत चढूं देऊं नये, आणि एक शहाणें माणूस जवळ उभें असावें.

शाफ्ट काढण्यापूर्वीं जोडांवर रंगाच्या खुणा कराव्या. हा कंटाळा पुष्कळजण करतात. सतराव्या शतकांत रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञानें अभ्यासिलेला हा सांधा कोनांत असतां एकसारख्या वेगानें फिरत नाहीं. एका फेऱ्यांत दोनदां घाई करतो, दोनदां रेंगाळतो. दुसऱ्या टोकाचा सांधा हा दोष फेडतो, पण शाफ्टचीं दोन्ही बेचकीं एका रेषेंत असलीं तरच. सरकत्या जोडाचा एक दांता चुकला कीं नवा क्रॉस घालूनही गाडी थरथरते.

पुढचें काम धीराचें आहे. अडकण्या काढून शाफ्ट शिकंज्यांत धरावा व एका बाजूनें लहान, दुसऱ्या बाजूनें मोठें सॉकेट लावून वाट्या दाबून काढाव्या. पोकळ दांड्यावर हातोडा घालूं नये. नव्या वाट्यांत ग्रीस भरलें म्हणजे कांड्या उभ्या राहतात. एखादी आडवी पडली तर वाटी पुरती बसत नाहीं व अडकण खांचेंत जात नाहीं. तेव्हां ठोकाठोक न करतां उघडून पाहावें. बेचक्याचें भोंकच झिजून मोठें झालें असेल, तर तें काम कारखान्याचें.

रानांतच मागचा क्रॉस तुटला तर शाफ्ट अजीबात काढून, पुढचीं चाकें जोडून, सावकाश घरीं येतां येतें. ज्या मोटारींत चारही चाकांस सदैव शक्ति जाते, त्यांस मात्र ही युक्ति लावूं नये.

बसविल्यावर थोडें अंतर चालवून नटबोल्ट पुन्हा आवळावे. नंतर ओढ्याच्या पाण्यांतून गाडी गेली, कीं चारही वाट्यांच्या कडांतून जुनें ग्रीस बाहेर येईपर्यंत नवें भरावें.