निघायचं कुठून?

महाडहून मुंबईला जाणाऱ्या एसटीत आम्ही दोघं शेजारी शेजारी बसतो, पण आमची तिकिटं सारखी नसतात. ह्यांची पंच्याहत्तरी उलटलेली, त्यामुळे ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू झालेल्या सवलतीत त्यांना तिकीट फुकट. मला मार्च २०२३ पासून बाई म्हणून अर्धं. आणि मागच्या सीटवर नोकरीच्या मुलाखतीला निघालेला मुलगा पूर्ण पैसे मोजतो. गाडी तीच, खड्डे तेच, पोचायची वेळही तीच. तेव्हा एका प्रवासाला एकच भाव असतो, हा समज आम्हां बिरवाडीकरांचा तरी कधीच गेलेला आहे.

तरीसुद्धा, विमानाच्या तिकिटाचा भाव तुम्ही कोण आहात यावर नाही, तर कुठून निघता यावर ठरतो, हे ऐकून मी जरा चक्रावलेच. झालं असं, की आमची मुलगी मेलबर्नला आणि मुलगा कॅलिफोर्नियात. नकाशावर बोट ठेवून बघा. एक आपल्या आग्नेयेला, दुसरा जवळजवळ पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला. एकाकडे जाऊन परत यायचं आणि मग दुसऱ्याकडे जाऊन परत यायचं, म्हणजे दोन मोठे प्रवास. आमच्या वयाला आणि पेन्शनला दोन्ही झेपणं कठीण. दरवर्षी "यंदा हिच्याकडे, पुढच्या वर्षी त्याच्याकडे" असं म्हणत म्हणत आम्ही कुणाकडेच गेलो नाही. मग मुलाने सुचवलं, "आई, परत फिरूच नका. पुढे पुढे जात राहा, आपोआप घरी पोचाल."

यालाच पृथ्वीप्रदक्षिणेचं तिकीट म्हणतात. विमान कंपन्यांचे जे गट आहेत (स्टार अलायन्स हा १९९७ साली झालेला, वनवर्ल्ड १९९९ चा), ते असं एकच तिकीट देतात. नियम भूगोलाच्या पेपरासारखे आहेत. पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे, एकच दिशा धरायची. अटलांटिक एकदा आणि पॅसिफिक एकदा ओलांडायचा. ज्या देशातून निघालात त्याच देशात प्रवास संपवायचा, आणि हे सगळं वर्षाच्या आत. वनवर्ल्डचं एक तिकीट तुम्ही किती खंडांना शिवता त्यावर आकारलं जातं, तीन ते सहा खंड आणि जास्तीत जास्त सोळा उड्डाणं. स्टार अलायन्सकडे मैल मोजतात, वरची मर्यादा ३९,००० मैल. विषुववृत्तावर पृथ्वीचा घेर २५,००० मैलांच्या आतबाहेर, म्हणजे वाट वाकडी करायला भरपूर वाव आहे!

आणि आता गंमत. हेच तिकीट, हेच थांबे, हीच विमानं. पण सुरुवात मुंबईऐवजी दुसऱ्या देशातून केली तर आकडा बदलतो. कोलंबो, कैरो, जोहान्सबर्ग, ओस्लो, टोकियो ही नावं या बाबतीत जगभरचे प्रवासी वर्षानुवर्षं एकमेकांना सांगत आलेत. आज जे स्वस्त ते उद्या असेलच असं नाही. कारणंही समजण्यासारखी आहेत. प्रत्येक देशासाठी भाव वेगळा बांधलेला असतो. तिथल्या गिऱ्हाइकाला काय परवडेल, किती कंपन्या स्पर्धेत आहेत, तिथले कर किती, चलन वर आहे की खाली, हे सगळं त्यात येतं. आपल्याकडे एकच हापूस रत्नागिरीच्या बागेत एका भावाने आणि वाशीच्या मार्केटात दुसऱ्याच भावाने जातो, तसंच हे.

मुलाने तीन-चार देशांतून आकडे काढले. आमच्या मार्गाला कोलंबो स्वस्त निघालं. फरक किती, तर आमच्या दोघांच्या वर्षभराच्या औषधांचा खर्च निघेल एवढा. शिवाय श्रीलंकन एअरलाइन्स २०१४ पासून वनवर्ल्डमध्ये आहे आणि तिचं विमान कोलंबोहून थेट मेलबर्नला जातं. वाटेत मुंबईत थांबा घेऊन शेवटचा टप्पा कोलंबोचा ठेवता येतो, हेही त्याने दाखवलं.

ह्यांना ते पटलं नाही. आयुष्यभर सरकारी खात्यात हिशेब तपासले, त्यामुळे नाकावर चष्मा ठेवून प्रश्न विचारला, "श्रीलंकेतल्या लोकांसाठी ठेवलेला भाव आपण का घ्यायचा? ही लबाडी नाही का?"

प्रश्न चांगला आहे, म्हणून त्यावर दोन दिवस विचार केला. माझं मत असं. एसटीत कंडक्टर आधार कार्ड बघतो, कारण ती सवलत माणसाला दिलेली आहे. वय खोटं सांगितलं तर ती लबाडीच. इथे कुणी तुम्हांला श्रीलंकेचे आहात का असं विचारतच नाही. अट एवढीच, की प्रवास खरोखर कोलंबोतून सुरू करा. आपण ती अट पाळणार असू, तर कुणाचं काही हिसकावलं जात नाही. दुकानदाराने स्वतः लिहिलेल्या भावाने वस्तू घेणं ही लबाडी नव्हे. हं, शेवटचा टप्पा मुद्दाम गाळायचा अशा बेताने तिकीट काढणं मात्र मला पटत नाही. कंपन्यांच्या अटींतही ते बसत नाही. वर्षभराची मुदत असते, तेव्हा मुंबईत उतरून घरी यावं आणि तो टप्पा पुढे सावकाश वापरावा. श्रीलंका बघण्यासारखा देश आहेच की.

तेव्हा नीतीचा प्रश्न माझ्यापुरता सुटला. अडचण आहे ती हिशेबाची. स्वस्त तिकिटाच्या बातमीत मधल्या ओळी कुणी वाचत नाही.

आपल्याला रेल्वेची सवय. आमच्याकडचे लोक गणपतीनंतर मुंबईला परतताना मागच्या मोठ्या स्टेशनापासूनचं आरक्षण काढतात आणि चढायचं स्टेशन माणगाव किंवा वीर असं आधी कळवून ठेवतात. रेल्वे ते चालवून घेते. विमानात हे मुळीच चालत नाही. पहिल्या टप्प्याला तुम्ही हजर नसलात, की पुढचं सगळं तिकीट रद्द होतं. कोलंबोहून निघायचं तिकीट असेल तर कोलंबोत हजर व्हावंच लागतं. मुंबई ते कोलंबो हे तिकीट वेगळं, त्याचे पैसे वेगळे. ते विमान उशिरा पोचलं आणि पुढचं चुकलं, तर पुढची कंपनी म्हणणार, आमचा काय संबंध? सामान साधारणपणे कोलंबोत उतरवून घ्यावं लागतं, श्रीलंकेत शिरायची परवानगी आधी काढून ठेवावी लागते, आणि पुन्हा नव्याने रांगेत उभं राहायचं. तिशीतल्या माणसाला यात काही विशेष नाही. पाठीला पिशवी अडकवली की झालं. माझे गुडघे आणि ह्यांची इन्सुलिनची पेटी त्या हिशेबात धरलेली नसते.

शिवाय आमच्यासाठी प्रवास विमानतळावर सुरू होत नाही, बिरवाडीच्या स्टँडवर सुरू होतो. आणि काळ नदी पावसाळ्यात कुणाच्या विमानाची वाट बघत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा पूल दोन एसट्यांसकट वाहून गेला. २२ जुलै २०२१ ला महाड पाण्याखाली गेलं आणि तळियेत दरड कोसळली. ते दिवस ज्यांनी इथे काढले, ते जुलै-ऑगस्टमध्ये "सकाळी निघू, रात्रीचं विमान पकडू" असं म्हणायचे नाहीत. जोडलेल्या प्रवासात जेवढे सांधे जास्त, तेवढ्या निखळायच्या जागा जास्त.

या सगळ्या विचारात मला पंडिता रमाबाईंची फार आठवण झाली. प्रदक्षिणा आपल्या बायांना नवी नाही, हे आपण विसरतो. १८८३ साली त्या मुंबईहून इंग्लंडला गेल्या. तिथून १८८६ च्या सुरुवातीला अमेरिकेला, आनंदीबाई जोशींना डॉक्टरची पदवी मिळताना बघायला. मग जवळजवळ तीन वर्षं तिथे भाषणं करून, विधवांच्या शाळेसाठी मदत उभी करून, पॅसिफिक ओलांडून जपान आणि हाँगकाँगमार्गे फेब्रुवारी १८८९ मध्ये मुंबईत परत. आल्यावर लवकरच, ११ मार्चला, त्यांनी शारदा सदन सुरू केलं. म्हणजे पश्चिमेकडून निघून पूर्वेकडून घरी, पुरी प्रदक्षिणा झाली. पण त्या इंग्लंडहून अमेरिकेला निघाल्या, कारण त्या इंग्लंडमध्ये होत्या. प्रत्येक टप्पा जिथून सुरू झाला, तिथे त्यांचं काही काम होतं.

माझं म्हणणं तेवढंच आहे. परदेशातून निघणं स्वस्त पडतं ते त्यालाच, ज्याला त्या ठिकाणी तसंही जायचं आहे. नुसत्या भावासाठी तिथे गेलात, तर वाचलेला पैसा वाटेतच सांडतो. आणि पैसा नाही सांडला तर माणूस सांडतो.

म्हणून मी वहीत हिशेब असा मांडला, हवा तर तुम्हीही मांडून बघा. दोन तिकिटांतला फरक वर लिहायचा. त्यातून मुंबई-कोलंबो जाण्याचं भाडं वजा. शेवटी कोलंबोहून परत येण्याचं भाडं वजा. परवानगीचा खर्च वजा. पुढचं विमान धरण्याआधी किमान तीन रात्री कोलंबोत राहण्याचा खर्च वजा. या तीन रात्री चैनीच्या समजू नका, मधलं विमान चुकलं किंवा हायवे बंद पडला तर तोच आपला विमा. इतकं करून काही उरलं तर ती बचत. काही उरलं नाही तर मुंबईहूनच निघावं आणि स्वस्ताईच्या गोष्टी ऐकून झोप घालवू नये. एजंट पहिल्या ओळीतला आकडा सांगतो, तो बिचारा धंदा करतो. खालच्या ओळी आपण लिहायच्या असतात.

आमच्या वहीत तळाशी थोडेसे उरले. फार नाही. पण कोलंबोत चार रात्री राहायचं ठरल्यावर ह्यांचा चेहरा उजळला. त्यांना कँडीला जायचं होतं म्हणे, पन्नास वर्षांपासून! मला आत्ता कळतंय. तेव्हा नुसत्या भावापलीकडचं कारणही सापडलं. फेब्रुवारीत निघू, पावसाचं नाव नसताना. आधी मेलबर्न, मग कॅलिफोर्निया, लंडनमार्गे मुंबई आणि घर. पूर्वेकडे जाताना दिवस आखडतो आणि शरीराला ते जड जातं, म्हणून प्रत्येक मुलाकडे महिना-दीड महिना मुक्काम. कोलंबोचा उरलेला टप्पा दिवाळीनंतर वापरू.

सांगायला हरकत नाही, यात पैशापेक्षा मोठी गोष्ट एक आहे. आमची दोन्ही मुलं सहा वर्षांत एकमेकांना भेटलेली नाहीत. एकाची सुट्टी दुसऱ्याच्या कामात जाते. आम्ही मेलबर्नहून निघू तेव्हा मुलगी आमच्याबरोबर दहा दिवस भावाकडे यायचं म्हणते आहे, "तुम्हांला एवढ्या लांब एकटं कसं सोडू?" असं निमित्त काढून. निमित्त तर निमित्त. हे तिकीट थोडं महाग पडलं असतं, तरी त्या दहा दिवसांसाठी मी ते काढलं असतं.

नातेवाईक मंडळींना एक विनंती. ऑस्ट्रेलियात खाण्याच्या वस्तूंची फार कडक तपासणी असते. तेव्हा लोणची, बिया, रोपं, आंब्याच्या कोयी "तेवढं नेऊन दे" म्हणून आमच्याकडे पाठवू नका. पत्रं द्या, ती मी आनंदाने नेईन.