कौतुक चतुराचं, फवारा भुंगेऱ्यावर

ऑक्टोबर लागला की निफाडात दोन गोष्टी एकदम दिसतात. द्राक्षबागेत गोडी छाटणीची लगबग आणि नांदूरमध्यमेश्वरच्या पाण्यावर चतुरांच्या घिरट्या. गोदावरी-कादवेच्या संगमावरचं हे पाणथळ 2020 मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ ठरलं. पक्षी बघायला आलेले लोक चतुराचेही फोटो काढून नेतात.

चतुर त्या लायकीचाच आहे. डोकं म्हणजे जवळजवळ नुसते डोळे, चारही पंख वेगवेगळे हलवण्याची सोय. तो सावजाच्या मागे धावत नाही. सावज जिथं पोचणार तिथं आधीच हजर होतो. प्रयोगांत त्याच्या शंभर झडपांतल्या नव्वदहून अधिक यशस्वी ठरल्या आहेत. बालपण पाण्यात, तिथं तो डासांच्या अळ्या फस्त करतो.

पण बागेत खोडाच्या सालीखाली दडलेल्या पिठ्या ढेकणाचं, म्हणजे मिलीबगचं, तो काही बिघडवू शकत नाही. त्याला उडतं सावज लागतं आणि त्यात मधमाशीही आली.

तिथं कामाला येतो क्रिप्टोलिमस भुंगेरा. मूळचा ऑस्ट्रेलियाचा, 1898 मध्ये भारतात आणलेला. जेमतेम चार मिलिमीटरचा, काळपट अंगाचा, नारिंगी डोक्याचा. त्याच्याकडे चतुराची झेप नाही. पानापानावर, सालीच्या फटीफटीत पायी हिंडतो आणि मिलीबगची अंडी-पिल्लं खातो. त्याची अळीही तेच खाते. चतुर मोठा झाला की पाणी सोडतो. हा लहानपणापासून वेलीवरच राबतो.

घोळ होतो तो अळीपाशी. तिच्या अंगावर मिलीबगसारखेच पांढरे मेणचट झुपके असतात. बागाईतदाराला पांढरं दिसलं की पंप सुरू! शत्रूबरोबर राखणदारही मेला आणि पुढच्या फवारणीचा खर्च पक्का झाला.

ओळखायला मात्र सोपं आहे. मिलीबग बहुधा जागेवर चिकटून बसतो. भुंगेऱ्याची वाढलेली अळी त्याच्या दुपटीहून मोठी असते आणि चांगली चालते. मुंग्यांकडेही बघा. मिलीबगच्या गोड चिकट स्रावासाठी त्या भुंगेऱ्यालाच हुसकावतात.

चतुर श्रेष्ठ की भुंगेरा, हा वाद मला फिजूल वाटतो. पाणी चतुराचं, साल भुंगेऱ्याची. तेव्हा पंपाला हात घालण्याआधी पाच वेलींची साल भिंगाखाली बघा. पांढरं चालताना दिसलं, तर त्या दिवशी फवारा थांबवा.