एकांताचा बाजार आणि विसाव्याचा हक्क

मालदीवसारख्या एखाद्या बेटावर एकट्याने आठवडाभर जाऊन राहणे, ही मुंबई-पुण्याच्या सुखवस्तू वर्गाची एक नवी हौस झाली आहे. पूर्वी सुट्टी म्हणजे गावी जाणे, देवदर्शन, किंवा फार तर बायकामुलांसह महाबळेश्वर-माथेरान. आता सुट्टी कुटुंबाबरोबर नव्हे, तर कुटुंबापासूनही घ्यावी असे वाटू लागले आहे. निळे पाणी, पांढरी वाळू, पाण्यावर खांब रोवून उभारलेली कुटी आणि आसपास चिटपाखरूही नाही! या हौसेची टवाळी करणे सोपे आहे आणि पुरोगामी वर्तुळात ती होतेही. परंतु टवाळीने मूळ प्रश्न बाजूलाच राहतो.

विसावा ही चैन आहे, असे कामगार चळवळीने कधीच मानले नाही. चैन मानले ते मालकांनी. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरणी कामगारांनी वर्षानुवर्षे मागणी लावून धरली, तेव्हा कुठे १० जून १८९० रोजी त्यांच्या पदरात रविवारची साप्ताहिक सुट्टी पडली. फ्रान्समध्ये १९३६ च्या प्रचंड संपलाटेनंतर लिओं ब्लूम यांच्या आघाडी सरकारने कामगारांना वर्षाकाठी दोन आठवड्यांची भरपगारी रजा दिली, आणि त्याच सरकारातील लिओ लाग्रांज यांनी रेल्वेभाड्यात ४० टक्के सवलत मिळवून दिली. त्या उन्हाळ्यात असंख्य श्रमिक कुटुंबांनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचे चोविसावे कलम तर विश्रांती, फुरसत आणि नियतकालिक भरपगारी सुट्टी हा प्रत्येक माणसाचा हक्क आहे, असेच सांगते.

विसाव्यासारखीच एकांताचीही माणसाला गरज असते. दहा बाय बाराच्या खोलीत सातआठ माणसांनी आयुष्य काढायचे, ही ज्यांची रोजची रीत आहे, त्यांना एकांत म्हणजे काय हे विचारावे! आणि घरातल्या बाईला तर नोकरीची सुट्टी असली तरी चुलीची सुट्टी नसते. अशी एखादी स्त्री स्वतःच्या कमाईवर, कोणाची परवानगी न मागता, चार दिवस एकटी समुद्रकाठी जाऊन बसते, तेव्हा ती काही गैर करत नाही. उलट शतकानुशतके नाकारलेली एक गोष्ट ती घेत असते. तेव्हा प्रश्न एकट्याने सुट्टीवर जाणाऱ्याच्या नीतीचा नाही. त्याला जो एकांत विकला जातो, तो कोणाच्या जिवावर तयार होतो, हा खरा प्रश्न आहे.

मालदीवमध्ये पर्यटनाचा धंदा १९७२ साली सुरू झाला. प्रवाळाच्या जवळजवळ १,२०० बेटांपैकी लोकवस्तीची बेटे २०० च्या आत. उरलेल्यांपैकी निवडक बेटे एकेका कंपनीला दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची आणि एका बेटावर एकच विश्रामधाम, असे धोरण तेथे रुजले. वीज, पाणी, अन्न, मद्य, सारे त्या बेटापुरते वेगळे. देशाच्या नागरिकाला जे मद्य कायद्याने वर्ज्य, ते पाहुण्याला तेथे खुले. देश एक, पण त्यात दोन जगे, आणि मध्ये समुद्राची भिंत. २००९ पर्यंत लोकवस्तीच्या बेटांवर पाहुण्यांना उतरवून घेण्याची मुभाच सामान्य मालदीवी कुटुंबाला नव्हती.

पाहुण्याला वाटते, बेटावर कोणी नाही. वास्तविक बेटावर पुष्कळ माणसे असतात. ती दिसू नयेत अशी व्यवस्था असते, एवढेच. पहाटे पाहुणा उठण्यापूर्वी वाळूवरचा पाचोळा झाडणारा, खाऱ्या पाण्याचे गोडे पाणी करणारे यंत्र रात्रभर सांभाळणारा, चादरी धुणारा, ताटे विसळणारा, ही सारी माणसे बहुधा बेटाच्या मध्यभागी, झाडीच्या आड, एकेका खोलीत अनेकजण अशी राहतात. किनारा पाहुण्यांचा, पोट श्रमिकांचे! २०२२ च्या जनगणनेत मालदीवची लोकसंख्या सुमारे ५ लाख १५ हजार भरली. त्यांपैकी १ लाख ३० हजारांहून अधिक लोक परदेशी होते. बांगलादेश, भारत, श्रीलंका, नेपाळ येथून पोटासाठी आलेले हे लोक. त्यांतले कित्येक दलालाचे देणे डोक्यावर घेऊनच विमानात बसलेले असतात. बायकामुलांपासून वर्षवर्ष दूर राहणारा हा माणूसही त्या बेटावर एकटाच असतो. पाहुण्याचे एकटेपण आठ दिवसांचे, स्वेच्छेचे आणि महागडे असते. मजुराचे एकटेपण सक्तीचे असते आणि त्याच्या मजुरीत त्याची किंमत धरलेली नसते. एकाच्या एकांताखाली दुसऱ्याचा एकाकीपणा गाडलेला आहे.

जगाला एकांत विकणाऱ्या या देशाच्या राजधानीत मात्र पाय पसरायला जागा नाही. दोन-अडीच चौरस किलोमीटरच्या माले शहराची गणना जगातल्या सर्वांत दाट वस्त्यांमध्ये होते. डिसेंबर २०१४ मध्ये खाऱ्या पाण्याचे गोडे करणाऱ्या संयंत्राला आग लागली, तेव्हा या शहराला पिण्याचे पाणी भारतातून विमानांनी आणि जहाजांनी पुरवावे लागले. शहराचा आणि विश्रामधामांचा केरकचरा ज्या थिलाफुशीवर १९९० च्या दशकापासून साठत गेला, ते बेट कोणत्याही रंगीत पत्रकावर दिसत नाही. देशाची ऐंशी टक्के जमीन समुद्रसपाटीपासून एक मीटरच्याही आत. समुद्र चढतो आहे. ऑक्टोबर २००९ मध्ये तेथील मंत्रिमंडळाने पाण्याखाली बैठक घेऊन जगाचे लक्ष वेधले. पण पाणी चढवणारा धूर ज्या विमानांतून निघतो, त्याच विमानांवर देशाचे पोट चालते, हा पेच त्या बैठकीने सुटणारा नव्हता.

याला एक प्रतिवाद आहे आणि तो प्रामाणिकपणे ऐकला पाहिजे. मासेमारीखेरीज फारसे साधन नसलेला हा देश पर्यटनामुळेच उभा राहिला. २०११ साली तो अतिअविकसित देशांच्या यादीतून बाहेर पडला. २०२४ साली २० लाखांहून अधिक पर्यटक तेथे गेले. हा पैसा थांबला तर आधी उपाशी राहील तो कामगारच. म्हणून बहिष्कार हे उत्तर नव्हे. जानेवारी २०२४ मध्ये भारतात बहिष्काराची हाक घुमली ती राष्ट्राभिमानापोटी. मालदीव की लक्षद्वीप, कोणाची वाळू अधिक पांढरी, यावर रणे माजली. त्या साऱ्या गदारोळात ती वाळू झाडणाऱ्याच्या मजुरीविषयी एक शब्दही उच्चारला गेला नाही! लक्षद्वीपच्या मोजक्या, दाट वस्तीच्या बेटांवर तोच नमुना उद्या उभा राहिला, तर केवळ झेंडा आपला आहे म्हणून शोषण गोड होणार नाही.

मार्ग दुसरा आहे. २००९ नंतर लोकवस्तीच्या बेटांवर छोटी पाहुणाघरे निघाली, आणि बेताच्या कमाईचा प्रवासीही तेथे जाऊ लागला. धंद्याचे सारे दोष त्याने गेले नाहीत. पण किनारा, पैसा आणि पाहुणा हे लोकांपासून तोडलेच पाहिजेत असे नाही, एवढे त्याने सिद्ध केले. त्याच्या जोडीला स्थलांतरित मजुरांना संघटनेचा निर्भय हक्क, दलालीला आळा आणि घरी जाण्याची भरपगारी रजा या गोष्टी हव्यात. मजूर पाठवणाऱ्या देशांतल्या कामगार संघटनांनीही आपले माणूस विमानात बसले की आपली जबाबदारी संपली असे मानता कामा नये.

आणि घरचे काय? १९४८ च्या कारखाने कायद्याने वीस दिवसांच्या कामामागे एक दिवसाची भरपगारी रजा दिली, ती कारखान्याच्या दाराआतल्यांना. दाराबाहेर राहिले ते दहांतले नऊ श्रमिक. ऊसतोड मजूर, घरकामगार, बांधकामावरची बाई, दुचाकीवरून घरोघर माल पोचवणारा तरुण, यांच्या लेखी सुट्टी म्हणजे बुडालेली मजुरी. त्यांच्या मागणीपत्रकात किमान वेतनाशेजारी भरपगारी रजेचे कलम आग्रहाने आले पाहिजे, आणि ते तडजोडीच्या वेळी पहिल्या फटक्यात सोडून देण्याचे कलम असता कामा नये. बेटावर जाणाऱ्याला खुशाल जाऊ द्यावे. चळवळीचे काम त्याची सुट्टी हिरावण्याचे नाही. त्याची चादर धुणाऱ्यालाही सुट्टी मिळवून देण्याचे आहे.